रोजच्या वापरातली वेगवान गाडी आणि टायरची रुंदी: २०५ पुरेसे आहे की २२५ हवे?

सहावा_गिअर (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क. कंपनीचे २०५/५५ आर १६ टायर (म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची) आता खाचांमधल्या झिजेच्या खुणांपर्यंत आले आहेत, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी चारही बदलणे भाग आहे. रोजचा वापर हिंजवडीपर्यंत, अधूनमधून द्रुतगती मार्गाने मुंबई आणि जमेल तेव्हा ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून कोकण, असा आहे. ट्रॅकवर गाडी नेण्याचा विचार नाही. घाटात मात्र गाडी जरा मोकळी सोडायला आवडते, हे लपवत नाही.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, आहे तेच माप पण अधिक चांगले रबर. दुसरा, त्याच रिमवर २१५/५५ आर १६. तिसरा, नवीन १७ इंची अलॉय घेऊन २२५/४५ आर १७. आमच्या टायरवाल्याचे ठाम मत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. "२२५ टाका साहेब, गाडी रस्त्याला चिकटून राहील," असे तो म्हणतो. त्याचा अलॉयचा धंदा लक्षात घेतला तरी प्रश्न उरतोच. ज्या गाडीची शक्ती दीडशे पीएसच्या आसपास आहे आणि जी केवळ सार्वजनिक रस्त्यावर चालते, तिला रुंदीचा खरा फायदा कुठपर्यंत मिळतो आणि कुठून तोटा सुरू होतो? आपले अनुभव आणि शक्य असल्यास त्यामागची कारणे कृपया सांगावीत.

चिकटपट्टी (दादर)

आमच्या टायरवाल्याकडे मी दुचाकी घेऊन गेलो होतो, तेव्हा त्याने तिलाही २२५ सुचवले होते. धागा वाचतो आहे.

रबरगणित (चिंचवड)

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

रुंद टायर घेतला की रस्त्याला टेकणारे रबर त्याच प्रमाणात वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतांशी खरा नाही. टायरचा रस्त्यावर उमटणारा ठसा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: चाकावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब. आपली गाडी दोन माणसांसह साधारण चौदाशे किलो धरू. पुढच्या चाकांवर साठ टक्के भार म्हणजे प्रत्येकी सुमारे ४२० किलो. दाब दर चौरस इंचाला ३३ पौंड असेल, तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो होतो. भागाकार केला की ठशाचे क्षेत्रफळ १८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि या हिशेबात रुंदी कुठेच नाही. टायरच्या कडा स्वतःही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातले उत्तर काहीसे सरकते, पण चित्र तेच राहते. २०५ ऐवजी २२५ घातल्यावर ठसा आडवा वाढतो आणि पुढे-मागे आखूड होतो.

मग रुंदीचा उपयोगच नाही का? आहे. वळणावर टायरचे रबर किंचित पिळले जाते आणि चाक ज्या दिशेला रोखलेले असते त्यापेक्षा गाडी थोडी बाहेर सरकत जाते. रुंद आणि आखूड ठशाचा टायर तेवढेच आडवे बळ कमी पिळून देतो, म्हणून स्टिअरिंग वळवताच गाडी तत्परतेने वळते. शिवाय रुंद टायरमध्ये उष्णता अधिक रबरात वाटली जाते. ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारताना हा मोठाच फायदा ठरतो. ताम्हिणीत एखाद्या एसटीच्या मागे उतरताना त्याचा काहीही संबंध येत नाही.

रस्त्यावरच्या गाडीसाठी रुंदीच्या आधी रबराचे मिश्रण येते. शंभर किलोमीटर वेगावरून थांबायला लागणारे अंतर घर्षणगुणांक (टायरच्या पकडीचा आकडा) ०.९ असताना सुमारे ४४ मीटर आणि १.० असताना सुमारे ३९ मीटर येते. हे चारपाच मीटर त्याच मापात चांगले रबर निवडून मिळू शकतात. दोन सेंटिमीटर रुंदीने ते मिळतील याची खात्री कोणीही देणार नाही.

वाशीकर_४५

वरील प्रतिसादातले गणित मान्य आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझ्याकडे स्कोडा स्लाव्हियाचे हेच दीड लिटरचे इंजिन आहे आणि गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी २२५/४५ आर १७ वापरतो. खंबाटकीच्या उतारावर किंवा पाम बीचच्या लांब वळणांवर गाडी पूर्वी आधी कलायची आणि मग वळायची. आता ती हाताबरोबर वळते. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर पुढची चाके जी फिरून जायची, तेही बरेच कमी झाले आहे. हा फरक कागदावर किती दिसतो हे मला सांगता येणार नाही, पण गाडी चालवणाऱ्याला तो पहिल्याच वळणावर कळतो. सुरक्षिततेइतकाच चालवण्याचा आनंद हाही टायर बदलण्याचा हेतू असू शकतो, आणि धागाकर्त्यांनी तो स्वतःच नोंदवला आहे.

रबरगणित (चिंचवड)

@वाशीकर_४५, आपला अनुभव मी नाकारत नाही. फक्त एक विचारतो: टायर बदलताना कंपनी आणि मॉडेलही बदलले होते का? बदलले असेल, तर रुंदी, कडेची उंची आणि रबर या तीन गोष्टी एकदम बदलल्या, आणि श्रेय एकट्या रुंदीला मिळाले. २०५/५५ ची कडा ११३ मिलिमीटर उंच असते, २२५/४५ ची १०१. हाताबरोबर गाडी वळण्यामागे हे बारा मिलिमीटर बरेच कारणीभूत असावेत.

वाशीकर_४५

कंपनी बदलली होती, हे खरे. परंतु बाजारात मला सगळ्या गोष्टी एकत्रच विकत मिळतात; त्यातली रुंदी बाजूला काढून तिचे वेगळे बिल कोणी देत नाही. एकत्रित परिणाम चांगला असेल, तर श्रेय कोणाचे हा वाद मी आनंदाने आपल्यावर सोपवतो.

इंचटेप

चर्चा रंगण्यापूर्वी मापांचा हिशेब करून ठेवतो, म्हणजे पुढे सोयीचे होईल. मूळ २०५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४, म्हणजे जवळजवळ तेवढाच. २१५/५५ आर १६ चा ६४३, म्हणजे पावणेदोन टक्क्यांनी मोठा. गाडी पाचसहा मिलिमीटर उचलली जाईल आणि वेगमापक खऱ्या वेगाच्या थोडा जवळ येईल, कारण तो मुळात किंचित जास्तच दाखवतो. काही दुकानदार २१५/५० आर १७ खपवू पाहतात. त्याचा व्यास ६४७ होतो, म्हणजे जवळपास अडीच टक्के वाढ. चाक पूर्ण वळवून गाडी खड्ड्यात आपटली की तो आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता वाढते. टॉर्च लावून चाकाच्या कमानीत पाहिले, तर घासलेल्या जागी काळ्या प्लॅस्टिकवर एक गुळगुळीत, चमकणारी चंद्रकोर दिसते. ती दिसली की माप चुकले असे समजावे.

आता रिमबद्दल. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीची रिम लागते. २०५/५५ आर १६ हा साडेपाच ते साडेसात इंच रुंद रिमवर बसतो, २१५/५५ आर १६ सहा ते साडेसात इंचांवर, आणि २२५/४५ आर १७ ला किमान सात इंच लागतात. तुमच्या रिमच्या आतल्या बाजूला "जे" या अक्षराच्या आधी जो आकडा ओतलेला आहे, तो पाहून घ्या. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की कडा आत ओढल्या जातात, टायर कांद्यासारखा फुगीर होतो, मधला भाग लवकर झिजतो आणि वळणावर उलट जास्त डगमगतो. म्हणजे पैसे जातात आणि पकडही जाते.

चिकटपट्टी (दादर)

माझ्या मित्राकडे स्कोडा ऑक्टाव्हियाची १७ इंची रिम धूळ खात पडली आहेत. भाऊबंदकीतली गाडी आहे, चालतील का?

इंचटेप

चालणार नाहीत. ऑक्टाव्हियाच्या पाच बोल्टांचे वर्तुळ ११२ मिलिमीटरचे आहे आणि व्हर्टस-स्लाव्हियाचे १००. मधे अडॅप्टर घालून देणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

देवरुखची

कोकणात येणाऱ्या पुणेकरांना मी नेहमी एकच विचारते: तुमची गाडी वर्षातले किती महिने कोरड्या रस्त्यावर चालते? आमच्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी असते, आणि घाटात त्याच्या जोडीला लाल माती, पाचोळा आणि अवजड वाहनांनी सांडलेले डिझेल. या चार महिन्यांत रुंद टायर हा फायदा नसून जोखीम आहे.

साधा हिशेब करून पाहा. ८० किलोमीटर वेगाने जाताना रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी असेल, तर २०५ रुंदीच्या टायरला दर सेकंदाला साडेतेरा लिटरहून अधिक पाणी बाजूला सारावे लागते. २२५ ला ते पंधरा लिटर होते. पाणी वेळेत बाजूला गेले नाही की टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि त्या क्षणी गाडी कोणाचीच नसते. हातखंब्याच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात, जिथे शेतातले पाणी रस्त्यावर आडवे वाहते, तिथे मी एक रुंद टायरांची एसयूव्ही सरळ रस्त्यावर गोल फिरताना पाहिली आहे. मागून येणाऱ्या आमच्या जुन्या अरुंद टायरांच्या गाडीला नुसता एक हलका हिसका बसला.

मी माझ्या गाडीला कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर कधीच घातले नाहीत, आणि खाच तीन मिलिमीटरवर आली की टायर बदलून टाकते. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण तो कायदा आंबा घाटातल्या पावसाकडे पाहून केलेला नाही.

रबरगणित (चिंचवड)

@देवरुखची, तीन मिलिमीटरवर टायर बदलण्याची आपली सवय प्रत्येकाने उचलावी अशी आहे. एक पुरवणी जोडतो. नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर अभ्यास झाला, त्यातून एक सोपे सूत्र निघाले: हवेच्या दाबाचे पौंडातले वर्गमूळ घेऊन त्याला नऊने गुणले, की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. ३३ पौंडांना तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि २५ पौंडांना सुमारे ८३. म्हणजे रुंदीइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न हवेच्या दाबाचा आहे. हे सूत्र विमानाच्या टायरांसाठीचे आहे आणि त्यात रुंदी धरलेली नाही. पुढे ट्रकच्या टायरांवर काम झाले, तेव्हा ठशाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचाही परिणाम होतो असे दिसले, आणि तो आपण म्हणता त्याच दिशेने होतो. आखूड, आडवा ठसा पाण्यावर लवकर चढतो.

द्रुतगती मार्गावर कारची मर्यादा १०० आहे हे ध्यानात घेतले, तर ९६ हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

वाशीकर_४५

पावसाळ्यात वेग कमी करणे हे टायरच्या मापावर अवलंबून नसते; २०५ वाल्यांनीही तो कमीच करायला हवा. माझ्या १७ इंची टायरांना मधोमध दोन खोल, रुंद खाचा आहेत आणि गेल्या जुलैत त्यांनी मला कधी दगा दिला नाही. रुंद टायर म्हणजे आपोआप धोका, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

देवरुखची

सरसकट म्हणत नाही. मात्र नव्या टायरच्या आठ मिलिमीटर खाचांनी दिलेला अनुभव आणि दोन पावसाळे झिजलेल्या टायरचा अनुभव वेगळा असेल. पुढच्या वर्षी याच धाग्यावर लिहा, मी वाचेन.

जुना_रॅलीवाला (नाशिक)

तरुणपणी रॅलींमध्ये दुय्यम चालक म्हणून बसलो आहे, त्या बळावर दोन शब्द. जागतिक रॅली स्पर्धेतल्या गाड्या मातीच्या टप्प्यांवर १५ इंची चाकांवर साधारण २०५ रुंदीचे टायर वापरतात आणि डांबरी टप्प्यांवर १८ इंची चाकांवर २३५ रुंदीचे. गाडी तीच, चालक तोच, शक्ती आपल्या गाड्यांच्या दुपटीहून जास्त. सैल पृष्ठभागावर टायरने वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचावे लागते. रुंद टायर वरच्या वर तरंगतो. स्वच्छ, तापलेल्या डांबरावर मात्र रुंदी कामाला येते.

आपले रस्ते यांपैकी कोणते? घाटातल्या वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी साचलेली असते, मध्यभागी डांबर असते, आणि पॅच मारलेल्या जागी दोन्हींचे मिश्रण. म्हणून मधले माप शहाणपणाचे. शक्तीच्या मानाने अरुंद टायरांच्या उत्तम गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. पहिल्या लोटस एलिसला पुढे १८५ चे टायर होते. माझदाची एमएक्स-५ १९८९ मध्ये १८५/६० आर १४ वर आली. टोयोटाने जीटी ८६ ला दोनशे अश्वशक्ती देऊन मुद्दाम प्रियस या आपल्याच हायब्रिड गाडीच्या पंगतीतले २१५ रुंदीचे साधे टायर दिले, जेणेकरून सामान्य वेगातही गाडी खेळकर राहावी. आपल्याकडच्या अबार्थ पुंटोला १४५ अश्वशक्ती होती आणि टायर होते १९५/५५ आर १६. तिच्या मालकांनी तिला कमी चिकट म्हटल्याचे माझ्या कानावर फारसे आले नाही.

एलिस आणि एमएक्स-५ वजनाने हलक्या आहेत, हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच मान्य करून टाकतो.

नेकारतीर (श्टुटगार्ट)

इकडचा एक दाखला द्यावासा वाटतो. जर्मनीत आमच्या गाडीच्या नोंदणीसोबत निर्मात्याचे अनुरूपता प्रमाणपत्र असते आणि त्यात चालणारी टायरची मापे छापलेली असतात. त्याबाहेरचे माप बसवायचे असेल, तर तांत्रिक तपासणी करून ते कागदोपत्री चढवावे लागते. नाहीतर गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच धोक्यात येते. त्यामुळे इथे "बसतंय का बघू" हा प्रकार नाही.

दुसरी गोष्ट धाग्याच्या विषयाला अधिक जवळची आहे. उन्हाळ्यात २२५ चे टायर वापरणारे अनेक जण हिवाळ्यासाठी त्याच गाडीला छोट्या रिमवर २०५ घालतात. बर्फमिश्रित चिखलात अरुंद टायर चांगला चालतो, कडा उंच असल्याने रिम वाचते आणि टायर स्वस्तही पडतो. माझ्या गाडीत वर्षातून दोनदा हा बदल होतो, त्यामुळे दोन्ही मापांची सवय आहे. एप्रिलमध्ये २२५ घातल्यावर पहिले दोन दिवस गाडी कमालीची तल्लख वाटते आणि त्याच वेळी ऑटोबानच्या उजव्या लेनमध्ये ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या तिला इकडे-तिकडे ओढू लागतात. ऑक्टोबरमध्ये २०५ वर आलो की गाडी शांत होते आणि थोडी आळशीही. रोज शंभर किलोमीटर जायचे असेल, तर मी शांत गाडी पत्करेन.

कलम_बावन्न (छत्रपती संभाजीनगर)

भारतातली कायदेशीर बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलात विसंगती येईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठळकपणे मांडली. टायर ही झिजणारी आणि बदलावी लागणारी वस्तू असल्याने निर्मात्याने त्या मॉडेलच्या कोणत्याही प्रकारासाठी दिलेल्या मापांच्या आत राहणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला तक्ता पाहावा. त्याबाहेर गेल्यास अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला प्रश्न विचारण्याची संधी आपण स्वतःहून देतो.

टायर घेताना कडेवर आयएस १५६३३ हा भारतीय मानकाचा शिक्का आहे का तेही पाहावे. जून २०२० पासून टायरची आयात मुक्त राहिलेली नाही, त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे अनोळखी मापांचा जुना साठा "इम्पोर्टेड" म्हणून पुढे केला जातो. कडेवर चार आकड्यांचा जो कोड असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात; ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानदाराने टायर खाली उतरवण्यापूर्वीच हा आकडा वाचावा, कारण एकदा तो रिमवर चढला की वाद घालण्यात अर्थ नसतो.

चिकटपट्टी (दादर)

मी एकदा हा आकडा वाचू लागलो, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, तो टायरचा अनुक्रमांक आहे." मी त्याला त्याच्या जन्माचा आठवडा विचारला आणि बाहेर पडलो.

समृद्धीवरून (नागपूर)

विदर्भातल्या उन्हाचा मुद्दा कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, काँक्रीट तापलेले असते आणि तासन्‌तास एकाच वेगाने जावे लागते. अशा वेळी रुंदीपेक्षा टायरचा भारांक आणि वेगाचे अक्षर महत्त्वाचे. मूळ टायरवर ९१ व्ही लिहिलेले असते. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेग. शोभेसाठी मोठी रिम घेताना काही जण ८७ भारांकाचा टायर उचलतात, तो ५४५ किलोचा असतो. चार माणसे, भरलेली डिकी आणि मे महिन्यातली दुपार असताना हाताशी राखीव क्षमता त्याने कमी उरते. कमी हवेवर चालवला, तर कडा सतत दुमडून आतून तापतात आणि टायर फुटतो. मग तो १९५ चा होता की २२५ चा, हे विचारण्यात स्वारस्य उरत नाही.

नायट्रोजन भरावा का, असे पुढे कोणीतरी विचारेलच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ज्याला भरायचा त्याने भरावा, पण दाब तपासणे सोडू नये.

पंक्चर_काढा (कोल्हापूर)

खड्ड्यांविषयी दोन ओळी. माझ्या भाच्याच्या गाडीला ४५ प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या कडेचे, टायर होते. फोंडा घाटाच्या खालच्या भागात एका खड्ड्यात पुढचे चाक गेले आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. कडेवरचा फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. रिमलाही बाक आला होता. ज्यांना १७ इंची चाके घ्यायची आहेत, त्यांनी पाचवा टायर आणि पाचवी रिम यांचा खर्च आधीच धरावा. डिकीतल्या वेगळ्या मापाच्या सुट्या चाकावर दूरचा प्रवास करायचा नसतो.

वाशीकर_४५

हा मुद्दा मात्र निर्विवाद आहे. नवी मुंबईतल्या रस्त्यांवर माझे निभावते. रोज कोल्हापूर-सावंतवाडी करायचे असते, तर मी १६ इंचच ठेवले असते.

जुना_रॅलीवाला (नाशिक)

धागाकर्त्यांना एक प्रयोग सुचवतो, पैसे खर्च करण्यापूर्वी. बहुतेक टायरांच्या खांद्यावर, म्हणजे जिथे रस्त्यावरचा भाग संपून कडा सुरू होते तिथे, एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. तो झिजेच्या खुणेची जागा दाखवतो. पांढऱ्या खडूने त्या त्रिकोणापासून आतपर्यंत एक जाड पट्टा ओढा, हवा तक्त्याप्रमाणे भरा आणि नेहमीच्या घाटात नेहमीच्या वेगाने एक चक्कर मारून या. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंतच पुसला गेला असेल, तर टायर आपल्या कुवतीत काम करतो आहे आणि रुंदी वाढवून विशेष काही मिळणार नाही. त्रिकोणाच्या पलीकडे कडेवरचाही खडू गेला असेल, तर टायर दुमडतो आहे. त्यावर पहिला उपाय दोनतीन पौंड हवा वाढवणे आणि दुसरा अधिक ताठ कडेचा टायर घेणे. रुंदीचा विचार त्यानंतर.

जुन्या, झिजलेल्या टायरवरही हा प्रयोग चालतो, फक्त कोरड्या दिवशी करा.

सहावा_गिअर (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खडूचा प्रयोग रविवारी ताम्हिणीत करून पाहिला. पुढच्या दोन्ही टायरांवर खडू त्रिकोणाच्या जरा अलीकडेपर्यंत पुसला गेला. डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर ठोकळ्यांच्या कडा मात्र एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने गोल झालेल्या हाताला लागल्या. अलाइनमेंट केली, तेव्हा पुढच्या चाकांचे टो (चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेले निघाले. म्हणजे मला जी कमी पकड जाणवत होती, तिच्यात याचाही वाटा असावा.

१७ इंची पर्याय मी बाजूला ठेवला आहे. कोकणातले रस्ते आणि @पंक्चर_काढा यांचा फुगा यांनी तो निकाली काढला. आता निवड २०५/५५ की २१५/५५ एवढीच उरली आहे. दाराच्या खांबावरच्या तक्त्यात २१५ नाही. @वाशीकर_४५ यांना वाईट वाटू नये म्हणून सांगतो, त्यांची गाडी चालवून पाहायला मला अजूनही आवडेल.

वाशीकर_४५

कधीही या. एक अट आहे: परत जाताना तुमच्या गाडीला कुशीवर कललेली म्हणायचे नाही.

रबरगणित (चिंचवड)

२०५ च घ्यावे, असे माझे मत. २१५/५५ ने ठशात नाममात्र फरक पडेल, पण टायर उंच झाल्यामुळे गाडी उचलली जाईल, कडा ११३ वरून ११८ मिलिमीटर होईल आणि वळणावरची लवचिकता उलट वाढेल. तुम्हाला हवे आहे त्याच्या नेमके विरुद्ध. त्यातून वाचलेले पैसे २०५ मधल्याच वरच्या दर्जाच्या, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या टायरवर खर्च करा. दुकानात टायर पाहताना दोन कंपन्यांचे २०५ शेजारी ठेवायला सांगा. २०५ हे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे माप असते, जमिनीला टेकणाऱ्या भागाचे नव्हे. त्यामुळे एकाचा खांदा चौकोनी आणि दुसऱ्याचा गोल दिसेल, आणि प्रत्यक्ष टेकणाऱ्या रुंदीत डोळ्यांना जाणवण्याइतका फरक आढळू शकतो. चौकोनी खांद्याचा घ्या, मग तुम्हाला हवी असलेली रुंदी माप न बदलता मिळेल.

देवरुखची

आणि खाचा पाहून घ्या. लांबीच्या दिशेने चार सलग, खोल खाचा असतील तो टायर. चौकोनी खांद्याच्या मोहात खाचा उथळ घेऊ नका.

सहावा_गिअर (पुणे)

२०५/५५ आर १६ ९१ व्ही, चौकोनी खांदा, चार सलग खाचा, याच वर्षातला कोड. असे दोन मॉडेल सापडले असून त्यांपैकी एक शनिवारी बसवतो आहे. शेवटचा प्रश्न: सुरुवातीला हवा किती ठेवावी?

समृद्धीवरून (नागपूर)

तक्त्यात जेवढी दिली आहे तेवढी, टायर थंड असताना, सकाळी घरून निघण्यापूर्वी मोजून. पाच माणसे आणि सामान असेल तेव्हा तक्त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पातळ थर असतो, म्हणून पहिले दोनतीनशे किलोमीटर घाटात गाडी मोकळी सोडू नका, विशेषतः पाऊस सुरू झाला असेल तर.